वरची माती वर, खालची खाली

खान्देशातल्या काळ्या रानातून तेलाची किंवा गॅसची पाइपलाइन गेली तरी जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. १९६२ च्या कायद्याने कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. म्हणजे पाइप गाडला की त्याच पट्ट्यात पुन्हा कापूस उभा राहायला हवा. पर्यावरणाच्या अटींची फाइल कितीही जाड असो, कस लागतो तो वरच्या २५ सेंटिमीटर मातीत.

ही माती आधी खरवडून वेगळी लावायची. पट्टा ३ मीटर रुंद धरला तर दर १०० मीटरला ७५ घनमीटर. पाइपसाठी खणलेल्या चारीतून निघालेला मुरूम आणि चुनखडीची माती दुसऱ्या बाजूला. घाईच्या वेळी पोकलेनने दोन्ही ढीग एकत्र लोटले जातात. मग चुनखडी वर येते, पिकाला लोह मिळेनासं होतं आणि पाइप कुठून गेलाय ते पिवळ्या पानांवरून लांबूनही कळतं.

काम वाफशावरच, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी. मूठभर माती तळहातावर वळून पाहावी. ३ मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली गेली तर यंत्र बांधावरच थांबवायचं. ओल्या काळ्या मातीवरून चाकं फिरली की आतली पोकळी चेपते आणि खाली घट्ट थर बसतो. तो साध्या नांगराला दाद देत नाही.

चारी बुजवताना ढेकळं फोडून ३०-३० सेंटिमीटरचे थर दाबावेत. वरची माती मात्र दाबायची नाही. खाली ढेकळं तशीच राहिली तर त्यांच्यामधली पोकळी पहिल्या पावसात बसते आणि चारी खचते. पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने पाळीपाळीने घेणाऱ्या शेतांत, तर हे फारच महागात पडतं. तिथलं पाणी पाटाच्या नुसत्या उतारावर चालतं. पाट जरासा खचला की शेवटच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते. म्हणून खोदण्याआधीच पाटाच्या तळाची पातळी मोजून लिहून ठेवावी.

उताराच्या रानात भुसभुशीत चारीच नाला होऊन बसते. पाइपभोवती ठरावीक अंतरावर वाळूच्या गोण्यांची आडभिंत घातली की पाणी अडतं. चारीवर ठेवलेल्या मातीच्या उंचवट्यालाही मधेमधे खिंड हवी, नाहीतर वरच्या अंगाला पाणी तुंबतं.

राहिलं दाबचाचणीचं पाणी, म्हणजे पाइप गळतो का ते पाहायला त्यात दाबाने भरलेलं पाणी. आतून ३० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात किलोमीटरला सुमारे ७० हजार लिटर मावतं. एका टप्प्यातलं पाणी पुढच्या टप्प्यात वापरावं. शेवटी सोडायचं ते तपासून, गाळ बसू देऊन, हळूहळू. केळीच्या ठिबकला मात्र ते जोडू नये. गंजाच्या कणांनी ड्रिपर बुजतात.