रिव्हर्सिंग स्टेशन, बोरघाट

रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटात, खंडाळ्याच्या खालच्या अंगाला असलेलं आणि आता बंद पडलेलं स्टेशन. 1863 ते 1929 एवढी त्याची हयात. नाव बघा, ना गावाचं ना देवाचं, जे काम तेच नाव. आजूबाजूला गाव नव्हतंच, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे सपाट करून घेतलेली जेमतेम जागा. इथे गाडी थांबायची ती उतारूंसाठी नाही, तर पुढे जायला रस्ताच नाही म्हणून. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला जाऊन लागायचं आणि गाडी ज्या तोंडाने आली त्याच्या उलट तोंडाने घाट चढायला लागायची. दौंडला इंजिन फिरवताना ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, फक्त दौंडला सपाटी आहे आणि इथे रूळ संपले की पुढे थेट हवा.

हे असं का करावं लागलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला. जीआयपी कंपनीने म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मे 1856 मध्ये पळसदरीवरून खोपोलीपर्यंत लाइन नेली आणि वरच्या बाजूने जून 1858 मध्ये खंडाळा-पुणे सुरू केली. म्हणजे घाटाच्या खाली रेल्वे, घाटाच्या वर रेल्वे, आणि मधला घाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने चढायचा. जवळपास पाच वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस असा खोपोलीला उतरून, बोचकी उचलून, वर जाऊन दुसरी गाडी पकडत होता. (खोपोलीची ती लाइन अजून आहे. घाटाची लाइन पळसदरीवरून वेगळी निघाली त्यामुळे खोपोली बिचारी फाट्यावर पडली, एकेकाळी तेच शेवटचं स्टेशन होतं हे आज लोकलमध्ये बसलेल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.)

घाटाची आखणी केली कंपनीचे चीफ इंजिनियर जेम्स जॉन बर्कली यांनी. आकडे असे: लांबी जवळपास 16 मैल, चढ 1,831 फूट, बोगदे 25, आणि सगळ्यात खडा चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. रस्त्यावरच्या गाडीला हा काही चढच नाही, आपली एसटी याहून खडे चढ रोज चढते, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असतं, पकड कमी, त्यामुळे रेल्वेसाठी हा चढ भयंकर. आता डोंगर काही इंजिनियरला विचारून बनलेला नाही. खंडाळ्याच्या खाली सह्याद्रीची जी सोंड उतरते तिच्यावर गाडी वळवायची तर मोठी गोल वळणं पाहिजेत आणि तेवढी जागाच नाही, वळण लहान केलं तर गाडी अडकणार. म्हणून बर्कलींनी वळणाचा नादच सोडला. आडव्या पाडलेल्या व्ही अक्षरासारखी लाइन आखली, एका रेघेने वर यायचं, टोकाला थांबायचं, आणि दुसऱ्या रेघेने उलटं निघून आणखी वर जायचं. त्या व्हीचं टोक म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. मला तरी हे डोकं लढवणं पंचवीस बोगद्यांपेक्षा जास्त आवडतं, कारण डोंगर फोडण्याऐवजी इथे गाडीलाच वाकवलंय. नंतर कसाऱ्याच्या बाजूला थळघाटातही असंच एक रिव्हर्सिंग केलं होतं.

काम सुरू झालं जानेवारी 1856 मध्ये, कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं, सगळं सुरुंगाच्या दारूवर. कड्याला उभं राहायला जागा नाही म्हणून माणसं दोरीने खाली सोडायची, लोंबकळत पहारीने भोकं पाडायची, दारू भरायची, वात पेटवायची आणि मग वर ओढून घ्यायचं. पावसाळ्यात काम जवळजवळ ठप्प, म्हणजे वर्षाचे आठच महिने हातात. मजुरी थकली, मजूर चिडले आणि 1859 च्या सुरुवातीला मोठा दंगा झाला, त्यानंतर फॅव्हिएलनी काम सोडलं. पुढचं कंत्राट घेतलं सॉलोमन ट्रेडवेल यांनी, ते विलायतेहून आले आणि काही दिवसांतच आजारी पडून गेले. मग त्यांची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे घेतलं, 1859 साली, बाईने, बोरघाटात, आणि दोन अनुभवी इंजिनियर हाताशी धरून काम पुरं करवून घेतलं. तिने कामाचे फोटोही जमवले, आज त्या कामाचं काही दिसतं ते बरंचसं त्या अल्बममुळे.

1861 मध्ये घाटात एकावेळी 42,000 च्या वर माणसं कामाला होती. पटकीच्या साथी येत होत्या, सुरुंगात, दरडीत माणसं जात होती, मेलेल्यांचा आकडा हजारांत आहे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. नाव राहिलं ते एकाच माणसाचं आणि तेही दंतकथेत: शिंगरोबा धनगर. गोष्ट अशी सांगतात की साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली, आणि बक्षीस काय पाहिजे म्हटल्यावर आम्हाला स्वातंत्र्य द्या म्हणाला म्हणून त्याला गोळी घातली. कागदोपत्री पुरावा असा नाही, पण जुन्या घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत.

घाट खुला झाला 21 एप्रिल 1863 ला, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते. बर्कली ते बघायला नव्हते, 1862 मध्येच ते वारले.

आता प्रत्यक्ष गाडी कशी जायची ते बघू. घाटासाठी मुद्दाम जड टाकीवाली इंजिनं मागवली होती आणि त्यांना चाकाच्या ब्रेकशिवाय थेट रुळावर दाबून बसणारे ब्रेकही होते. गाडी हाशहुश करत वर यायची, रिव्हर्सिंगच्या सपाटीवर थांबायची, पाणी कोळसा बघायचा, इंजिन इकडचं तिकडे व्हायचं. डब्यात जो इंजिनाकडे तोंड करून बसला होता तो आता पाठमोरा, आणि दरी या खिडकीतून त्या खिडकीत. दरीकडची खिडकी मिळाली म्हणून खुशीत बसलेल्याच्या नशिबी पुढे कडा, आपल्याकडे खिडकीवरून होणारी भांडणं बघता तेव्हाही तिथे काहीतरी झालंच असणार.

चढताना ठीक, खरा धोका उतरताना. वरून 37 ला 1 च्या उतारावरून गाडी खाली येणार आणि समोर काय, तर संपलेले रूळ, एक अडथळा आणि पलीकडे दरी. ब्रेक लागला नाही तर संपलंच. 26 जानेवारी 1869 ला नेमकं तेच झालं, उतरणारी गाडी आवरली नाही आणि टोकाचा अडथळा तोडून पुढे गेली, माणसं मेली. म्हणून घाटात कॅच सायडिंगची पद्धत, म्हणजे उतारावर मधेमधे एक रूळ बाजूला चढावर नेलेला असतो आणि काटा, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर वळवणारा सांधा, कायम त्या बाजूलाच लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे हे दिसलं, की मगच काटा सरळ करून पुढे सोडायचं, आणि सुटलेली गाडी असेल तर ती आपोआप चढावर जाऊन दमणार. ही पद्धत अजून आहे. पुण्याहून येताना मंकी हिलला, ठाकूरवाडीला गाडी उगाच थांबली म्हणून लोक कटकट करतात ना, ते उगाच नसतं, ब्रेक तपासणी असते.

बाकी स्टेशनची अडचण म्हणाल तर टोकाच्या जागेत मावेल तेवढीच लांब गाडी, आणि प्रत्येक गाडीचा वेळ इंजिन फिरवण्यात जाणार. पुणे लाइनवरची वाहतूक वाढत गेली आणि हे घशात अडकलेल्या घासासारखं झालं.

सुटका केली विजेने. 1929 मध्ये कल्याण ते पुणे लाइन विजेवर आली, आणि त्याच वेळी खंडाळ्याखाली नवे बोगदे पाडून लाइन सरळ वर नेली, रिव्हर्सिंगची गरजच संपली. मालगाड्या ओढायला 1928 पासून स्वित्झर्लंडच्या धर्तीची लांब नाकाडाची इंजिनं आली होती, रेल्वेवाल्यांनी त्यांना खेकडा हेच नाव पाडलं. त्यातलं सर लेस्ली विल्सन नावाचं एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे. डेक्कन क्वीन सुरू झाली 1 जून 1930 ला, म्हणजे पुण्यामुंबईच्या या लाडक्या गाडीने रिव्हर्सिंग कधी बघितलंच नाही.

आज तिथे बोर्ड नाही, गाडी थांबत नाही. जुन्या लाइनीचं दगडी काम खंडाळ्याच्या बाजूला झाडीत राहिलंय, पावसाळ्यात त्यावर गवत आणि शेवाळ इतकं चढतं की कडा कुठला आणि बांधकाम कुठलं कळत नाही. घाटाचा चढ मात्र तेवढाच आहे, 37 ला 1, आणि पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावीच लागतात. ती लागेपर्यंत जी दोन-चार मिनिटं मिळतात त्यात लोक खाली उतरून वडापाव घेतात, मागे धक्का बसला की पळत डब्यात.