शेवटची बाकी कोणती?

अमळनेर तालुक्यात माझ्या एका मित्राचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं जूनमध्ये, खत जुलै-ऑगस्टमध्ये आणि पैसे दिवाळीनंतर कापूस विकला की, अशी तिथली रीत. उधारीची वही त्याने एक्सेलमध्ये आणली. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ, शेवटच्या रकान्यात त्या घडीची बाकी. 12,000 ओळी झाल्यावर म्हणाला, "प्रत्येकाची फक्त शेवटची ओळ काढून दे."

व्हीलूकअप हे एक्सेलचं शोधसूत्र इथे कामाचं नाही. नेमकं नाव शोधायला सांगितलं की ते वरून पहिली सापडलेली ओळ देतं, म्हणजे सगळ्यात जुनी. मग मॅक्रो, म्हणजे एक्सेलला क्रमाने दिलेले हुकूम. ते ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए 1993 पासून त्यात आहे. प्रत्येक ओळ बाकी सगळ्या ओळींशी ताडून पाहायची तर सुमारे 14 कोटी 40 लाख तुलना होतात. त्यापेक्षा 'डिक्शनरी' बरी. ती म्हणजे टपाल कचेरीतल्या कप्प्यांची मांडणी. प्रत्येक शेतकऱ्याचा एक कप्पा. वरून खाली एकदाच जायचं. हातातली तारीख कप्प्यातल्या तारखेपेक्षा नवी असेल तर जुनी चिठ्ठी काढून नवी ठेवायची. 12,000 ओळींत काम संपतं.

कप्प्यावर नाव मात्र लिहू नये. आपल्याकडे अर्धं गाव पाटील, त्यात 'सुरेश पाटील' तिघे, आणि एकाच सुरेशच्या नावापुढे चुकून जादा स्पेस पडली तर मशीनच्या लेखी तो चौथा. खाते क्रमांकच हवा.

खरी गंमत तारखेत आहे. एक्सेलला तारीख कळत नाही, आकडा कळतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, आणि 5 जुलै 2024 म्हणजे 45478. पण कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर 05/07/2024 टाइप केल्यावर तो 7 मे समजतो, 45419. खत पेरणीच्या महिनाभर आधीच उचललेलं दिसतं! 15/07 चं काय? पंधरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन डावीकडे चिकटून बसते. व्हीबीएमध्ये असा मजकूर आणि आकडा जसेच्या तसे ताडले तर मजकूर कायम मोठा ठरतो. म्हणजे जुलैची ती ओळ डिसेंबरच्या ओळीलाही हरवते. ही चूक लाल खूण दाखवत नाही. आधी तारखांचा रकाना रुंद करून डाव्या बाजूला काय चिकटलंय ते बघावं. मॅक्रो चालवल्यावर 'अनडू' होत नाही, म्हणून फाईलची प्रतही आधीच काढून ठेवावी.

एवढं सगळं करून मी यादी दिली. दुसऱ्या दिवशी एक आजोबा दुकानात पावती घेऊन उभे. "भाऊ, मना पैसा कथा ग्यात?" म्हणजे, माझे पैसे कुठे गेले? त्यांनी सकाळी खताच्या दोन गोण्या नेल्या होत्या आणि त्याच दुपारी रोख भरली होती. तारीख एकच. मी मॅक्रोत 'पेक्षा मोठी' असं लिहिलं होतं, त्यामुळे सकाळची चिठ्ठी कप्प्यातून हललीच नाही. दुकानात बसूनच मी 'मोठी' च्या जागी 'मोठी किंवा तेवढीच' केलं. ओळी लिहिल्या त्याच क्रमाने होत्या, म्हणून तेवढ्यावर भागलं. नाहीतर पावती क्रमांकही ताडावा लागला असता. पुन्हा चालवलं. आजोबांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि पावती घडी करून टोपीत ठेवली.