वल्हांडणाचं कोकरू पाप वाहत नाही

गुड फ्रायडे जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मिसरात इस्राएली लोकांनी आपली पापं कोकरावर ठेवली, कोकरू त्यांच्या जागी मेलं आणि देवाने त्यांना क्षमा केली." वाक्य ओघवतं आहे, ऐकणारे माना डोलावतात. फक्त बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात, जिथे मिसरातली (इजिप्तमधली) ही वल्हांडणाची रात्र सांगितली आहे, यातलं जवळजवळ काहीच नाही. पापं ठेवणं नाही, कबुली नाही, क्षमा नाही. हे सगळं लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातून, म्हणजे पापांच्या शुद्धीसाठी वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या विधीतून उचलून वल्हांडणाच्या रात्रीत कोंबलेलं आहे. तेही अर्धवट उचललेलं, कारण लेवीय १६ मध्येसुद्धा ज्या जनावरावर पापं ठेवली जातात ते वेदीवर जात नाही.

वल्हांडण, म्हणजे मिसरातले ज्येष्ठ पुत्र मेले आणि इस्राएली गुलामगिरीतून सुटले त्या रात्रीचा सण, बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भराभर. पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडायचं, चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचं. नर, एक वर्षाचा, निर्दोष. मेंढरांतला किंवा बकऱ्यांतलाही चालेल. सगळ्या चित्रांत पांढरंशुभ्र मेंढीचं पिल्लू दिसतं ती चित्रकारांची हौस. एजोब या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. मांस विस्तवावर भाजून, बेखमीर (न आंबवलेली) भाकर आणि कडू भाजीबरोबर, कंबर कसून घाईघाईने खायचं. हाड मोडायचं नाही, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही.

प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला येतो. एक सण वर्षाच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला. एक रात्रीचा, घरातला, कुटुंबप्रमुखाच्या हातचा; दुसरा दिवसाचा, निवासमंडपातला (देवाच्या पवित्र तंबूतला), मुख्य याजकाच्या हातचा. एकात जेवण, दुसऱ्यात उपास. हे फरक कुणीही दोन अध्याय शेजारी ठेवून काढू शकतो, त्यात कुणी अडखळत नाही. अडखळतात ते एकाच ठिकाणी: रक्त नेमकं करतं काय?

वल्हांडणाच्या रात्री रक्त घराला लागतं. माणसाला नाही, वेदीला नाही, देवासमोरच्या कुठल्याही वस्तूला नाही. ते खूण आहे, असं निर्गम १२:१३ सरळ सांगतं: रक्त पाहून मी तुम्हांला ओलांडून जाईन. त्या रात्रीचा न्याय मिसर देशावर आणि तिथल्या दैवतांवर आहे (१२:१२). इस्राएली लोकांनी काय पाप केलं होतं, याचा त्या अध्यायात उल्लेखच नाही. ते गुलाम आहेत आणि त्यांना सोडवायचं आहे. कोकरावर कुणी हात ठेवत नाही. कुणी काही कबूल करत नाही. याजकही नाही, कारण मोशेचा भाऊ अहरोन याच्या घराण्याला याजकपद अजून मिळायचं आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे: कोकरू मेलं म्हणून ज्येष्ठ पुत्र वाचला, मग ही बदली नव्हे काय? आहे. जिवाबद्दल जीव हा विचार तिथे आहे आणि पुढच्याच अध्यायात ज्येष्ठ पुत्रांना मोबदला देऊन सोडवण्याचा नियमही येतो. पण जीव वाचवणं आणि अपराध फेडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वल्हांडणाच्या कोकराने मृत्यू दाराबाहेर थांबवला. त्याने कुणाचा अपराध अंगावर घेतला, असं निर्गम म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

नियमशास्त्राला (मोशेच्या नियमांना) स्वतःला हा फरक किती स्पष्ट होता, हे पाहायचं असेल तर गणना या पुस्तकाचा २८वा अध्याय वाचा. वल्हांडणाला जोडून येणाऱ्या बेखमीर भाकरीच्या सणात दररोज इतर अर्पणांबरोबर एक बकरा पापबली (पापाच्या शुद्धीसाठीचा बळी) म्हणून द्यायचा, "तुमच्यासाठी प्रायश्चित्त व्हावं" म्हणून. कोकरानेच पापाचं काम होत असतं तर हा बकरा कशाला? यहेज्केल ४५ मध्येही तेच: वल्हांडणाच्या दिवशी अधिपतीने स्वतःसाठी आणि सर्व लोकांसाठी पापबलीचा गोऱ्हा वेगळा आणायचा आहे. आणखी एक बारकावा, जो मला फार आवडतो: लेवीय ४ प्रमाणे सामान्य माणसाने पापबली म्हणून कोकरू आणलंच तर ते मादी असायला हवं. वल्हांडणाचं कोकरू नरच हवं. म्हणजे नियमाच्या चौकटीत ते सामान्य माणसाचा पापबली म्हणून चाललंच नसतं.

आता दुसरी बाजू, जी फार थोडे लोक शांतपणे वाचतात. मुख्य याजक नेहमीचा भरजरी पोशाख उतरवून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी गोऱ्हा. मग लोकांसाठी दोन बकरे, दोन्ही मिळून एक पापबली. चिठ्ठ्या टाकतात: एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी. (अजाजेल म्हणजे कोण किंवा काय, यावर जुना वाद आहे. इथे त्याने काही अडत नाही.)

परमेश्वराच्या वाट्याचा बकरा कापला जातो. त्याचं रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीत नेऊन दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) आणि दयासनासमोर शिंपडलं जातं, मग वेदीला लावलं जातं. कशासाठी? लेवीय १६:१६ म्हणतं, पवित्रस्थानासाठी. इस्राएल लोकांच्या अशुद्धतेमुळे आणि अपराधांमुळे त्याच्यासाठी प्रायश्चित्त करायचं आहे. लोकांच्या पापाचा मळ देवाच्या निवासापर्यंत पोहोचतो, वर्षभर साठतो, आणि पवित्र देव अशा जागी लोकांमध्ये राहू शकत नाही. रक्त तो मळ धुतं. लेवीयचे अभ्यासक जेकब मिलग्रम यांनी पापबलीची हीच बाजू आयुष्यभर लावून धरली. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी सहमत व्हायची गरज नाही. त्याच अध्यायात १६:३० म्हणतं की त्या दिवशी लोकही आपल्या पापांपासून शुद्ध होतात. पण रक्त लागतं कुठे, हे तर मजकुरातच आहे. ते माणसांवर पडत नाही. देवाच्या घरावर पडतं.

हे सगळं आटोपल्यावर, १६:२० प्रमाणे, दुसरा बकरा आणतात. जिवंत. अहरोन त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, इस्राएलाचे सर्व अपराध त्याच्यावर कबूल करतो, ते त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि त्याला रानात पाठवून देतो. तो सगळे अपराध निर्जन प्रदेशात वाहून नेतो.

पुन्हा सांगतो, कारण चूक इथेच होते. मरणाऱ्या बकऱ्यावर कुणी पापं ठेवत नाही. पापं ज्याच्यावर ठेवतात त्याला कुणी कापत नाही. यरुशलेमातल्या दुसऱ्या मंदिराच्या काळात तो बकरा कड्यावरून ढकलला जाई असं मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात आहे, हे खरं. पण ती नंतरची रीत, लेवीयमध्ये ती नाही, आणि तसा मेला तरी तो वेदीवरचा बळी ठरत नाही. पापाने लादलेलं जनावर देवाच्या वेदीवर चढवणं ही कल्पनाच त्या विधीला उलटी आहे. वेदीवर जायचं ते निर्दोष, आणि पाप जायचं ते वस्तीबाहेर, देवापासून लांब.

मग "पापं कोकरावर ठेवली आणि कोकरू मारलं" हे चित्र आलं कुठून? दोन्ही सण आणि दोन्ही बकरे एकत्र घुसळले की ते तयार होतं. त्याला बळ मिळतं योहान १:२९ मधून: जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा. इथे कोकरूही आहे आणि पाप वाहून नेणंही आहे. लोक म्हणतात, बघा, शास्त्रातच दिलंय. दिलंय खरं, पण बाप्तिस्मा करणारा योहान ज्यांच्याशी बोलत होता त्यांना कुठला विधी कुठला हे पुरतं ठाऊक होतं. वल्हांडणाचं कोकरू, रोज सकाळ-संध्याकाळ मंदिरात होणारं कोकरू, यशया ५३ मधला वधायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहणारा सेवक, रानात जाणारा बकरा, हे सगळं वेगवेगळं माहीत असताना कुणी एकाच माणसाकडे बोट दाखवून ते एकत्र केलं, तर तो दावा आहे, आणि चकित करणारा दावा आहे. आपल्याला मुळात फरकच माहीत नसेल तर त्यात चकित होण्यासारखं काही उरत नाही.

नव्या करारातले लेखक हे दोन धागे किती जपून वापरतात ते पाहा. पौल १ करिंथ ५:७ मध्ये ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा यज्ञ म्हणतो. त्यातून निष्कर्ष काय काढतो? "म्हणून तुमच्या पापांची क्षमा झाली" असा नाही. म्हणून जुनं खमीर (आंबवण) काढून टाका, असा. तुम्ही आता मिसरात नाही, तर मिसरातल्यासारखे राहू नका. योहान वधस्तंभाच्या प्रसंगात एजोब आणतो, न मोडलेली हाडं आणतो; दोन्ही निर्गम १२ मधली. १ पेत्र १ मध्ये निर्दोष कोकरासारख्या ख्रिस्ताच्या रक्ताने "सोडवलं" अशी भाषा आहे, आणि ती वडिलोपार्जित निरर्थक वागणुकीपासून सोडवण्याची. ही सगळी सुटकेची भाषा आहे.

इब्री लोकांस पत्र मात्र प्रायश्चित्ताच्या दिवसात बुडालेलं आहे. नवव्या आणि दहाव्या अध्यायात मुख्य याजक, पडदा, वर्षातून एकदा आत जाणं, बकऱ्यांचं रक्त, सगळं तेच. त्याच पत्रात वल्हांडणाचा उल्लेख एकदाच येतो, ११:२८ मध्ये, आणि तिथे लेखक म्हणतो की ज्येष्ठांचा नाश करणाऱ्याने त्यांना शिवू नये म्हणून मोशेने रक्त लावलं. पापाचा शब्दही नाही. बळीविषयी सगळ्यात जास्त विचार करणाऱ्या लेखकाने हा फरक पाळला आणि आपण तो एका वाक्यात मोडतो.

हा फरक कळला की इब्री ९:२३ सारखं कोडंही सुटतं. तिथे म्हटलंय की स्वर्गातल्या गोष्टींचीही शुद्धी होणं आवश्यक होतं, तीही अधिक चांगल्या यज्ञांनी. स्वर्ग मळला कशाने, असा प्रश्न वाचकाला पडतो आणि बहुतेक उपदेश इथून घाईने पुढे सरकतात. लेवीय १६:१६ डोळ्यांसमोर असेल तर लेखक कशाशी तुलना करतोय हे लगेच दिसतं. पृथ्वीवरच्या निवासमंडपाला जे हवं होतं त्याचं खरं रूप तो वर पाहतो. म्हणूनच त्याचा शेवट शिक्षा टळण्यावर होत नाही, जवळ येण्यावर होतो (१०:१९–२२): आता आत जायची वाट मोकळी आहे.

यावर काहींना वाटेल की ख्रिस्ताने आपली शिक्षा भोगली हा विचारच मी काढून टाकतोय. तसं नाही. ज्याला तो शिकवायचा आहे त्याच्याकडे यशया ५३:५–६ आहे, गलती ३:१३ आहे, १ पेत्र २:२४ आहे. तिथे उभं राहून शिकवा, पाया भक्कम आहे. पण त्यासाठी वल्हांडणाच्या कोकराला न्यायालयात आणि प्रायश्चित्ताच्या बकऱ्याला फाशीच्या तख्तावर उभं करू नका. हेच "रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही" या वाक्याचंही. इब्री ९:२२ मध्ये त्याआधी "बहुतेक" हा शब्द आहे, आणि गरिबाला कबुतरंही परवडत नसतील तर लेवीय ५:११ मध्ये एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ पापबली म्हणून चालतं. अर्धं वाक्य तोडून सिद्धांत बांधणाऱ्यांनी हे एक वचन कधीतरी मोठ्याने वाचावं.

उरतो प्रभुभोजनाचा (येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाचा) प्रश्न, कारण तिथे दोन्ही धागे एका मेजावर येतात असं दिसतं. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यानुसार ते वल्हांडणाचं जेवण आहे. पण येशू कोकराच्या मांसाकडे बोट दाखवत नाही. तो भाकर घेतो आणि प्याला घेतो. प्याल्याला तो दाराच्या बाह्यांवरचं रक्त म्हणत नाही, कराराचं रक्त म्हणतो, आणि ते येतं निर्गम २४ मधून, जिथे मोशे सीनायपाशी लोकांवर रक्त शिंपडतो. त्या दिवशीचे बळी होमबली आणि शांत्यर्पणं होती, पापबली नव्हे. "पापांच्या क्षमेसाठी" हे शब्द त्या जेवणाच्या चार वृत्तांतांपैकी (ही तीन शुभवर्तमानं आणि पौल) फक्त मत्तयात आहेत. म्हणजे त्या रात्री सुटकेच्या मेजावर करार आणला गेला आणि कराराबरोबर क्षमा. कोकरात ती आधीपासून नव्हती.