गुरू डोक्यावर, बैठक चव्वेचाळीस सेंटिमीटरवर

सहा इंची दुर्बीण घेतली तेव्हा खुर्चीचा विचारही डोक्यात नव्हता. पहिले दोन हिवाळे मी अर्धवट वाकूनच आकाश पाहिलं. इंदूरच्या आमच्या गच्चीवर आत्या शाल घेऊन यायची आणि विचारायची, “अरे, हे आकाश बघणं आहे की दंडवत?” दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागायच्या, डोळा आयपीसवरून (डोळा लावायच्या भिंगावरून) सरकायचा आणि गुरू निम्मा कापला जायचा.

हे का होतं, ते एका आकड्यात कळतं. १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंच व्यासाची दुर्बीण १५० पट मोठं दाखवत असेल, तर आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढ्या झोतात डोळ्याची बाहुली धरून ठेवायची, तीही नुसती क्षणभर नाही. वरची हवा सारखी हलत असते, ग्रहाचं बिंब पाण्याखालच्या नाण्यासारखं डुचमळतं, आणि मध्येच एखादा सेकंद सगळं निवतं. गुरूचे पट्टे त्या सेकंदात दिसतात. तो नेमका कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून बसून राहावं लागतं. बसून पाहिलं की दुर्बिणीचा व्यास इंचभर वाढतो, असं हौशी निरीक्षक गमतीने म्हणतात. मला त्यात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही.

पण बसायचं किती उंचीवर? एका रात्री मेझरिंग टेप घेऊन गच्चीवर गेलो. माझी दुर्बीण डॉब्सोनियन आहे, म्हणजे आरशाची, आयपीस नळीच्या वरच्या टोकाला, बाजूला. नळी सरळ वर रोखली की आयपीस जमिनीपासून ११८ सेंटिमीटरवर येतं, क्षितिजापासून ३० अंशांवर आणली की ८८ वर. मी ताठ बसलो की बैठकीपासून डोळा ७४ सेंटिमीटर वर असतो. वजाबाकी केली तर बैठक एकदा ४४ सेंटिमीटरवर हवी आणि एकदा १४ वर. म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीपासून जवळजवळ चौरंगापर्यंत! एकाच उंचीचं स्टूल कितीही मऊ असलं तरी इथे हरणारच. शेजारच्या काकांची भिंगाची दुर्बीण आहे, तिचं गणित उलटं. नळी वर केली की आयपीस खाली जातं, आणि ते बिचारे गुरूसाठी जमिनीवर मांडी घालतात.

डोक्यावरचं आकाश हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या अगदी खाली. १० जानेवारी २०२६ च्या सुमारास गुरू मिथुन राशीत, आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, आणि मध्यरात्री साडेबाराच्या आसपास आपल्या माथ्यापासून एक अंशही बाजूला नव्हता. लंडनच्या माणसाला तोच गुरू माथ्यापासून जवळजवळ ३० अंश खाली दिसला. आणि पाहण्यासारखं असतंही माथ्यावरच. तिथे प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो. ३० अंश उंचीवर हवा जवळपास दुप्पट आडवी येते, शहराची धूळ आणि दिव्यांची झळाळी वेगळी.

मोठ्या वेधशाळांनाही हा प्रश्न चुकला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत १८८८ मध्ये ३६ इंची दुर्बीण बसवली तेव्हा खुर्ची वर-खाली करण्याऐवजी सगळी जमीनच वर-खाली होईल अशी केली. अमेरिकेतल्याच यर्क्स वेधशाळेनेही तेच केलं, आणि मे १८९७ मध्ये तिथली ७५ फूट व्यासाची जमीन कोसळली. नशीब, तेव्हा तिच्यावर कोणी नव्हतं.

आपल्याला एवढं काही नको. दोन लाकडी रूळ शिडीसारखे किंचित तिरपे उभे करायचे, त्यांना मागून टेकू द्यायचा आणि रुळांवर वर-खाली सरकणारी फळी बसवायची. खिळा नाही, खाच नाही, स्क्रू नाही. फळीच्या चौकटीला दोन आडवे दांडे: वरचा रुळांच्या मागे, खालचा रुळांच्या पुढे. बसलं की वजन फळीला पुढे झुकवतं, दोन्ही दांडे रुळांना चिमटा काढतात आणि घर्षण फळीला जागीच धरतं. सुताराला पटेना. “भिया, कील नहीं ठोकी तो गिरोगे!” पण गणित सोपं आहे. रूळ उभे आहेत असं धरलं, दांड्यांमधलं अंतर १५ सेंटिमीटर आणि लाकडाचा घर्षणगुणांक ०.४ धरला, तर रुळांपासून १९ सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे बसलं की फळी हलत नाही. वजन या हिशोबात येतच नाही, त्यामुळे सहावीतली भाची बसो की शेजारचे काका.

गिरलो मात्र मीच, खिळ्यामुळे नाही, हौशीमुळे. खुर्ची देखणी व्हावी म्हणून रुळांना व्हार्निश मारलं. पहिल्याच दवाच्या रात्री फळी माझ्यासकट सुळकन खाली आली. दुसऱ्या दिवशी व्हार्निश घासून काढलं, सायकलची जुनी ट्यूब कापून रुळांवर चिकटवली, आणि तेव्हापासून तक्रार नाही.

बाकी बारीकसारीक. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, चार पायांची खुर्ची तिथे डुगडुगते. तीन पाय कुठेही टेकतात. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली एक आडवी पट्टी हवी. बैठकीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवा. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, खुर्चीला अडखळून टॉर्च लावलात की ती गेली.

दुर्बीण नसून बायनॉक्युलर असेल तर यातलं काहीच करू नका. कॅनव्हासची जुनी आरामखुर्ची काढा, कोपर तिच्या हातांवर टेकवा. दहा पटींचं बायनॉक्युलर हाताची थरथरही दहा पटींनी दाखवतं. डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला कृत्तिका माथ्यापासून दीडेक अंशावर येतात; त्यांच्यासाठी सरळ सतरंजीवर आडवं व्हावं, मान शाबूत राहते.

आणि त्या सरकत्या फळीवर चढून उभं राहू नका. उभं राहिलं की वजन रुळांच्या जवळ येतं, १९ सेंटिमीटरच्या आत, आणि चिमटा सुटतो. आत्याला हे मी आकृती काढून समजावलं आहे. माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला ती अजून तीच खुर्ची ओढते.