रिपोर्टमधलं ‘स्टेनोसिस’ आणि डॉपलरची अपॉइंटमेंट

आमच्याकडे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी होते. सारखा येणारा फोन म्हणजे, “स्टेनोसिसची टेस्ट करायचीय, उद्याचा नंबर द्या.” कुठलं स्टेनोसिस विचारलं की “तेच हो, ब्लॉकेजवालं.” म्हणून एकदा नीट सांगतो.

शब्द ग्रीक आहे, ‘स्टेनोस’ म्हणजे अरुंद. ऑफिसात साहेबांचं बोलणं भराभर लघुलिपीत उतरवून घेणारे स्टेनो असायचे ना, तो शब्दही तिथूनच आलाय. म्हणजे स्टेनोसिस म्हणजे काहीतरी अरुंद झालंय, बस एवढंच. कुठे, किती, कशामुळे ते त्या शब्दात नाही. मानेची रक्तवाहिनी असेल, पायाची, किडनीची, नाहीतर हृदयाची झडप, आणि कमरेच्या एमआरआयमधे ‘कॅनाल स्टेनोसिस’ असेल तर ती रक्तवाहिनीच नाही, मणक्यातला मज्जातंतूंचा मार्ग आहे, तो डॉपलरमधे दिसत नाही.

रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीदार नळीचा, स्टेंटचाही या शब्दाशी संबंध नाही, ते चार्ल्स स्टेंट नावाच्या इंग्रज दंतवैद्याचं आडनाव. त्यामुळे स्टेनोसिस वाचलं आणि आता स्टेंट बसवावाच लागणार म्हणून रात्रभर जागू नका, ते तुमचे डॉक्टर बघून ठरवतील.

आता खरी अडचण. किडनीच्या रक्तवाहिनीचा डॉपलर असेल तर उपाशीपोटी यावं लागतं, कारण पोटात गॅस असला की आतलं नीट दिसत नाही, आणि फोनवर नुसतं ‘स्टेनोसिस’ सांगितल्यामुळे लोक पोहे खाऊन चहा पिऊन येतात, कधी कधी तर लांबच्या गावाहून, आणि त्यांना परत पाठवताना आम्हालाच वाईट वाटतं. मान आणि पायाला उपास लागत नाही. म्हणून प्लीज, नंबर घेतानाच डॉक्टरांच्या चिठ्ठीचा पूर्ण फोटो व्हॉट्सअॅप करा, आधीचा रिपोर्ट असेल तर त्याची सगळी पानं, फक्त शेवटच्या चार ओळी नको.

आमच्याकडे वेळ जास्त लागतो असं काहीजण म्हणतात. लागतो, खरंय. पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं तसं अरुंद जागेत रक्ताचा वेग वाढतो, तो वेग आम्ही जागोजागी मोजतो, दोन्ही पाय म्हटल्यावर घाई करून चालतच नाही. आणि रुंदी निम्मी झाली की आतली जागा चौथाईच उरते, म्हणून एका रिपोर्टमधे ५० टक्के आणि दुसऱ्यात ७५ दिसलं तर लगेच आजार वाढला असं नसतं, रुंदी किती कमी झाली त्याचे टक्के लिहिलेत की जागा किती कमी झाली त्याचे, ते आधी बघावं लागतं. हे आम्ही रिपोर्ट देताना समोर बसवून मराठीत समजावून सांगतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. जुने रिपोर्टही आमच्याकडे जपून ठेवलेले असतात, पुढच्या वेळी आलात की शेजारी ठेवून बघता येतात.