फ्लूच्या तापात मूत्रपिंडांचे काय होते?

थंडीच्या दिवसांत इंदूरमधल्या मराठी घरांत फ्लू शिरला, की चौकशी होते ती खोकल्याची आणि छातीची. आजीला लघवी किती वेळा झाली, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक श्वसनमार्गाच्या विषाणूसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडांचे काम अचानक मंदावणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि कोविडच्या साथीत अतिदक्षता विभागांनी ते जवळून पाहिले.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, तरीही त्यांच्या आतल्या भागाला प्राणवायू बेताचाच मिळतो. त्यामुळे तापाने शरीरातले पाणी कमी झाले, रक्तदाब उतरला किंवा न्यूमोनियामुळे रक्तातला प्राणवायू घटला, की तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी लवकर दुखावतात. इन्फ्लुएन्झात क्वचित स्नायूंच्या पेशीही फुटतात आणि त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन नलिकांमध्ये अडकते. अशा वेळी लघवीचा रंग काळ्या चहासारखा होतो.

मात्र टाळता येण्याजोगे नुकसान बरेचदा औषधांतून होते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असू शकते, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. पाणी कमी पडले असता मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे रुंद राहतात आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके नेमके तेच रोखतात. त्यात रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका वाढतो. अर्थात त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना दाखवून विचारावे.

रक्ताचा अहवालही फसवा ठरू शकतो. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ; त्यांचे काम मंदावले की तो रक्तात वाढतो. एरवी ०.७ असलेले क्रिएटिनिन आठवडाभरात १.१ झाले, तर तो आकडा छापील मर्यादेत बसतो म्हणून घरचे निर्धास्त होतात; पण ही वाढ दीडपटीहून अधिक आहे, आणि तेवढी वाढ मूत्रपिंडांना तीव्र इजा झाल्याचे मानायला पुरेशी असते. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी जुना अहवाल सोबत न्यावा. ज्यांचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहेत, त्यांनी तसे आवर्जून सांगावे, कारण फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिरची मात्राही त्यांच्यासाठी कमी करावी लागू शकते.