पेशींना कुठली आली इच्छाशक्ती?

चित्रपटातला प्रसंग ठरलेला असतो. हेरॉइनच्या नादी लागलेल्या नायकाला घरचे खोलीत कोंडतात. तो दार बडवतो, घामाघूम होतो, मुटकुळं करून जमिनीवर पडून राहतो. मग पहाट होते, दार उघडतं आणि माणूस बरा झालेला असतो. पटकथेची सोय म्हणून हे चालून जातं, पण कित्येक घरांत खरोखरच हाच उपचार मानला जातो. आठ दिवस कोंडा, सोसू द्या, इच्छाशक्ती असेल तर सुटेल! यातला इच्छाशक्तीचा भाग निव्वळ गैरसमज आहे. आठ दिवसांत सुटेल हा भाग मात्र जिवावर बेतू शकतो.

इच्छाशक्तीचा निकाल खरं तर १९७५ सालीच लागला, तोही काचेच्या बशीत. जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल नोबेल मिळवलेले मार्शल निरेनबर्ग आणि त्यांचे सहकारी शर्मा व क्ली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करत होते. उंदराच्या मज्जापेशींच्या गाठीतली पेशी आणि घुशीच्या मेंदूतल्या गाठीतली पेशी यांच्या संकरातून तयार झालेल्या पेशी त्यांनी मॉर्फिनमध्ये वाढवल्या. या पेशींना मेंदू नाही, मन नाही, वाईट संगत नाही. तरीही त्या मॉर्फिनवर अवलंबून झाल्या आणि मॉर्फिन काढून घेतल्यावर त्यांच्यात विथड्रॉवल, म्हणजे नशेचा पदार्थ तुटल्यावर उसळणारी उलटी प्रतिक्रिया, दिसलं. हा प्रयोग मला व्यसनविज्ञानातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा रेंगाळणार आहे.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन, तसंच कोडीनसारखी औषधं ही सगळी ओपिऑइड मंडळी पेशीच्या पृष्ठभागावरच्या ‘म्यू’ नावाच्या ग्राहीला (ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतात. (बशीतल्या पेशींवरचा ग्राही त्याचा भाऊबंद होता, पण आतला कारभार तोच.) हे ग्राही आपल्याकडे असतात ते अफूसाठी नव्हे. शरीर स्वतःच एन्केफॅलिनसारखी ओपिऑइड रसायनं बनवतं आणि ती त्यांच्यासाठी आहेत. ग्राहीला रेणू चिकटला की आतल्या बाजूला असलेलं ‘जी’ प्रथिन दोन कामं करतं. एक म्हणजे पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतं. धनभारित पोटॅशियम बाहेर पडतं, पेशीचा आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो आणि ती सहजासहजी संदेश पाठवत नाही. दुसरं म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) दाबतं. हे विकर सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बनवत असतं आणि तो रेणू पेशीला चेतवत असतो. विकर दबलं की सायक्लिक एएमपी घटतं आणि पेशी मंदावते.

इथवर सगळं सरळ आहे. निरेनबर्ग यांच्या बशीत पुढे जे झालं ते खरं नवल. मॉर्फिन तसंच ठेवलं असतानाही हळूहळू सायक्लिक एएमपी पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आलं, कारण पेशीनं त्या विकराची ताकदच वाढवली. मॉर्फिन विकराला खाली दाबतंय आणि पेशी तितक्याच जोरानं त्याला वर ओढतेय, अशी ही रस्सीखेच. बाहेरून पाहणाऱ्याला दोर जागच्या जागी दिसतो. तोच परिणाम साधायला आता जास्त मॉर्फिन लागतं, याला टॉलरन्स म्हणतात. आणि मॉर्फिन एकदम काढून घेतलं तर? दुसऱ्या टोकाला जोर लावणारी पेशी तशीच राहते. सायक्लिक एएमपी मूळ पातळीच्याही वर उसळतं. हेच विथड्रॉवल. टॉलरन्स आणि विथड्रॉवल हे दोन वेगळे आजार नाहीत, एकाच जुळवून घेण्याच्या त्या दोन बाजू आहेत.

बशीतून मेंदूत येऊ. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलियस नावाचं एक छोटंसं निळसर केंद्र आहे. मेंदूला लागणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा मुख्य पुरवठा तिथून होतो. जाग, सावधपणा, धोक्याची जाणीव ही खाती त्याच्याकडे. या पेशींवर म्यू ग्राही भरपूर असल्यानं ओपिऑइडनं त्या शांत होतात, वर सांगितल्याप्रमाणे जुळवून घेतात आणि औषध थांबलं की एकाच वेळी चवताळून उठतात. झोप उडते, छाती धडधडते, कारण नसताना भीती दाटते. ओपिऑइड जे करतं त्याच्या नेमकं उलटं सारं शरीर करू लागतं. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या विस्फारतात, बद्धकोष्ठाचे जुलाब होतात, वेदनाशमनाच्या जागी हाडं ठणकतात. डॉक्टर विथड्रॉवलची तीव्रता मोजतात त्या अकरा कलमी मोजपट्टीत जांभया, वाहतं नाक आणि अंगावरचा काटा यांनाही गुण असतात. सगळं खापर मात्र एकट्या लोकस सेरुलियसवर फोडता येत नाही. जुलाबांचं कारण आतड्यातल्या मज्जापेशींतच आहे आणि मनाच्या उदासीत मेंदूच्या इतर भागांचा हात असतो.

या समजुतीतून एक औषधही हाती आलं. लोकस सेरुलियसच्या याच पेशींवर अल्फा-२ नावाचा आणखी एक ग्राही असतो आणि तोसुद्धा आतून त्याच पोटॅशियम वाहिन्या उघडतो. रक्तदाबाच्या क्लोनिडीन या औषधाला हा ग्राही ओळखतो. १९७८ मध्ये त्याचा विथड्रॉवलवर उपयोग होतो हे दिसून आलं. थोडक्यात, ओपिऑइड न देता पेशी शांत करता येते. पण क्लोनिडीननं रक्तदाब उतरतो, त्यामुळे ते मनानं घ्यायचं औषध नव्हे. शिवाय त्यानं तलफ फारशी कमी होत नाही.

हेरॉइनचं विथड्रॉवल शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं आणि चार ते दहा दिवसांत ओसरतं. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या ओपिऑइडचं उशिरा सुरू होतं आणि जास्त रेंगाळतं. झोपेची तक्रार आणि कशातच मन न रमणं तर काही आठवडे, कधी काही महिनेही राहू शकतं. निरोगी माणूस यानं सहसा दगावत नाही, पण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आटून, कोणी लक्ष न दिल्यानं कोठडीत माणसं मेल्याची उदाहरणं आहेत. कोंडून ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता आठ दिवसांचा मुद्दा. रस्सी ओढणारी पेशी हळूहळू जोर सोडते, म्हणजेच टॉलरन्स उतरतो. पण तलफ उतरलेली नसते. माणूस बाहेर पडतो, जुन्या सवयीनं जुनाच डोस घेतो. त्या डोसवर श्वास चालू ठेवण्याची शरीराची तयारी मात्र आता उरलेली नसते. श्वास मंदावतो आणि थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या १२.७ पट होता आणि ड्रगचा ओव्हरडोस हे त्याचं सर्वांत मोठं कारण होतं. नुसतं ‘शरीर साफ करून’ माणसाला घरी पाठवणं म्हणूनच उपचार ठरत नाही.

टॉलरन्समध्ये जागेचाही वाटा असतो हे आणखी चक्रावून टाकणारं आहे. मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये घुशींना एका ठरावीक जागी हेरॉइनची सवय लावली आणि मग सर्वांना मोठा डोस दिला. सवयीच्या जागी सुमारे ३२ टक्के मेल्या, अनोळखी जागी ६४ टक्के. परिसराच्या खुणा पाहूनच शरीर आधीपासून औषधाविरुद्ध तयारी करत असतं. त्याच कारणानं, औषध सोडलेल्या माणसाला जुना कट्टा, जुना मित्र दिसला की अंगावर विथड्रॉवलसारखा काटा येऊ शकतो. तो त्याचा दुबळेपणा नव्हे.

मग काय चालतं? मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. दोन्ही ओपिऑइडच, आणि दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ‘एक व्यसन जाऊन दुसरं आलं’ हा आक्षेप ठरलेला. पण हेरॉइन दिवसातून अनेकदा पेशीला वर-खाली हिंदकळवतं, तर ही औषधं तिला एका पातळीवर धरून ठेवतात. मेथाडोनवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये आला. उपचार चालू असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसांमागे वर्षाला) ११.३ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६.१. आक्षेप घेणाऱ्यांकडे या आकड्यांचं उत्तर असेल तर ऐकायला आवडेल. ब्युप्रेनॉर्फिन ग्राहीला अर्धवटच चालू करतं, पण चिकटतं घट्ट. ते घाईनं घेतलं तर आधीच्या हेरॉइनला हुसकावून उलट विथड्रॉवलच ओढवतं. त्यामुळे लक्षणं सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात. शेवटचा डोस कधी, किती आणि कशाचा घेतला, हे डॉक्टरांना खरं सांगणं म्हणूनच महत्त्वाचं. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर तेही सांगावं, कारण त्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात. गर्भवतीनं ओपिऑइड एकाएकी बंद करू नये. दुखण्यासाठी डॉक्टरांनीच दिलेल्या गोळ्या लागल्या असतील तर त्याही टप्प्याटप्प्यानंच उतरवायच्या.

एका रात्रीत भूल देऊन व्यसन काढणारी महागडी पद्धत मध्यंतरी गाजली. काळजीपूर्वक तुलना केल्यावर ती ब्युप्रेनॉर्फिनहून सरस ठरली नाही, उलट जिवावर बेतणारे प्रसंग मात्र घडले. ‘रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळा’ छापाच्या गुप्त पुडीबद्दल तर न बोललेलंच बरं. तिच्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही.

औषधाच्या जोडीनं समुपदेशन आणि याच वाटेनं गेलेल्या माणसांचे गट उपयोगी पडतात. १९५३ मध्ये सुरू झालेली नार्कोटिक्स ॲनॉनिमस त्यांतली जुनी. पुन्हा घेतलं गेलं तर हाकलून देण्याऐवजी त्याच दिवशी परत उपचारांशी जोडून घ्यावं, कारण सर्वांत मोठा धोका त्याच दिवसांत असतो.

घरच्यांसाठी शेवटची एक गोष्ट, नॅलॉक्सोन. हे औषध ग्राहीवरून ओपिऑइडला ढकलून देतं आणि थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत आणू शकतं. मिळत असेल तर घरात ठेवावं. माणूस हाकेला ओ देत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास अगदी सावकाश किंवा घरघरत चालला असेल तर आधी रुग्णवाहिका बोलवा, नॅलॉक्सोन द्या, श्वास नसेल तर तोंडानं द्या आणि श्वास सुरू झाल्यावर कुशीवर वळवा. तो उठून बसला, चिडला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी एकटा सोडू नका. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत संपतो. ओपिऑइड त्यानंतरही रक्तात असू शकतं आणि श्वास पुन्हा थांबू शकतो.